दिसला म्हणण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगून टाकते. माझं काळं रबर जागोजागी सोललं आहे, बिजागरी कुरकुरते, हे सगळं मान्य. पण ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी माझी काच लख्ख होती. लोक मात्र अजूनही म्हणतात, "दुर्बीणच बिघडली असेल हो." ऐकलं की माझा जळफळाट होतो. बोलता येत नाही ना, मग कुणीही यावं आणि खापर माझ्या डोक्यावर फोडावं!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे कोट घातलेल्या बायका माझी भिंगं मऊ कापडाने पुसायच्या आणि श्वास रोखून नळ्यांमध्ये बसवायच्या, कारण त्यांच्या श्वासाची वाफसुद्धा आत राहून चालत नसे. दोन नळ्या, मध्ये बिजागरी आणि वर एक खाचांचं चाक. ते चाक फिरवलं की लांबचं अंधुक चित्र जवळ येऊन ठसठशीत होतं. एवढंच माझं काम. ते मी मन लावून केलं, याचा मला अभिमान आहे.

मला विकत घेतलं ते जमिनी मोजणाऱ्या खात्यातल्या एका माणसाने. सगळे त्याला मोजणीदार म्हणत, घरचेसुद्धा. त्याचा अंगठा माझ्या चाकावर पडला आणि मला कळलं, आपण चांगल्या घरी पडलो. बाकीची माणसं चाक उगाच पुढे-मागे फिरवत बसतात. मोजणीदार एकदाच फिरवायचा, आणि नेमकं तिथेच थांबायचा. काय नजर होती त्याची! लांबच्या खडकावर बसलेला पक्षी तो नुसत्या मान वळवण्यावरून ओळखायचा. रात्री झोपण्यापूर्वी मला पुसायचा आणि चामड्याच्या पेटीत ठेवायचा. त्याची बायको म्हणायची, "माझ्या चष्म्याला कधी एवढं पुसलं नाहीत." तो हसायचा. ती गेली, तेव्हा कितीतरी दिवस तो मला हातात घेऊन नुसता खिडकीत बसला होता. पाहत काहीच नव्हता.

त्याला पुन्हा बाहेर काढलं ते टेलरने. टेलर म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र. चौकात त्याचं शिवणकामाचं दुकान, दुकानात एक मशीन, एक लांब टेबल आणि काजं-बटणं करणारी त्याची मुलगी. माझा चामड्याचा पट्टा तुटला, तेव्हा टेलरने बॅगांना लावतात त्या जाड पट्टीचा नवा पट्टा करून दिला. चांगला लांब, खांद्यावरून तिरका घालता येईल असा, दुहेरी शिलाईचा आणि वर लोखंडी बकल. मोजणीदार म्हणाला, "अरे, दुर्बिणीला घालतोयस की म्हशीला?" टेलर दातांनी दोरा तोडत म्हणाला, "दुर्बीण मोडेल एक वेळ, माझी शिलाई उसवायची नाही. लिहून घे."

या दोघांबरोबर आणखी दोघं होती. इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर, ज्यांच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. आणि मालाची गाडी चालवणारा ड्रायव्हर, ज्याला सगळे भोंगा म्हणत. गाडीचा भोंगा मोठा की त्याचा आवाज मोठा, हा वाद त्यांच्यात वर्षानुवर्षं चालू होता.

दर वर्षी थंडीत, लांबून पाहुणे पक्षी किनाऱ्यावर उतरले की आमच्याकडे पक्षी पाहण्याची स्पर्धा व्हायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, दीपगृहापासून नदीच्या मुखापर्यंत. चार-चार जणांचे गट, आणि ज्यांना सर्वांत जास्त जातींचे पक्षी दिसतील ते जिंकले. बक्षीस काय, तर एक पत्र्याचा पेला. पण त्या पेल्यासाठी बंदर कचेरीतल्या गटाशी आमचं असं काही जुंपायचं की विचारू नका.

स्पर्धेचा नियम एकच होता. एकाने पक्षी पाहिला आणि नाव घेतलं, तरी तेवढ्यावर तो पक्षी हिशोबात धरायचा नाही. गटातल्या दुसऱ्याने स्वतः पाहून "दिसला" म्हटलं, तरच धरायचा. फोटो नको, पुरावा नको. दोन माणसांचा शब्द पुरे. आमच्या गटात पहिला शब्द मोजणीदाराचा आणि दुसरा टेलरचा, हे ठरूनच गेलं होतं. मोजणीदार म्हणायचा, "उजवीकडे, दगडामागे, तुतवार." टेलर आपली छोटी दुर्बीण डोळ्यांना लावायचा, पाहायचा आणि म्हणायचा, "दिसला." बंदरवालेसुद्धा कबूल करायचे, "मोजणीदार म्हणतो ना? मग असणारच."

मग एका वर्षी माझ्या चाकाला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. तो अंगठा आता थांबेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे, जणू कुणी ओलं फडकं पिळतंय. मोजणीदार मला डोळ्यांवरून काढायचा, भिंगं पुसायचा, पुन्हा लावायचा. "बुरशी धरली वाटतं हिला," असं म्हणून तो मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. दुरुस्तीवाल्याने मला खोललं, उजेडात धरलं आणि परत जोडलं. "हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही डोळे दाखवून या."

डोळ्यांच्या डॉक्टरणीच्या खोलीत मी मोजणीदाराच्या मांडीवर होते. तिने त्याला समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेकडेचं दिसत राहील, त्यामुळे चालता येईल, चहा ओतता येईल. पण ज्याच्याकडे रोखून पाहाल, नेमकं तेच दिसणार नाही. गेलेली नजर परत येणार नाही. मोजणीदाराने विचारलं, "चष्म्याने?" ती म्हणाली, "नाही." त्याच्या बोटांनी मला इतकं घट्ट दाबलं की बिजागरी वाजली.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. घरातल्या घरात त्याचं सगळं सुरळीत चालायचं, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पुन्हा थंडी आली आणि स्पर्धेच्या दिवशी त्याने मला खांद्यावर घातलं.

सकाळ बरी गेली. पक्षी ओरडत होते आणि मोजणीदाराचे कान तिखट होते. आवाज आला की तो मला त्या दिशेला धरायचा आणि नाव सांगायचा. शिवाय कुठल्या दगडावर कोण बसतं हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. टेलर पाहायचा, पक्षी तिथे असायचाच. सिस्टर खूश होत्या. भोंगा म्हणाला, "आज बंदरवाल्यांची वाट लागली म्हणून समजा!"

दुपारी आम्ही मिठागरापाशी आलो. बांधापलीकडे पाण्यात एक काठी रोवलेली होती. मोजणीदाराने मला डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "काठीवर खंड्या. निळा. स्पष्ट आहे." मी तर पाहत होते, मित्रांनो. काठीवर निळ्या प्लास्टिकची एक चिंधी अडकली होती आणि वाऱ्याने हलत होती.

टेलरने आपली दुर्बीण उचलली. त्याने ती खाली घेतली नाही, बराच वेळ तशीच धरून ठेवली. मागे सिस्टर बाटलीतून पाणी पीत होत्या. "काय टेलर," त्यांनी विचारलं, "दिसला का?"

टेलर म्हणाला, "दिसला."

माझ्या काचेत तडा गेला असता तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं.

पाव आणि उकडलेली अंडी खायला सगळे गाडीपाशी बसले, तेव्हा टेलर मोजणीदाराला बाजूला घेऊन गेला. "कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझ्यासमोर नाटक नको. ती चिंधी होती."

मोजणीदाराने माझं चाक उगाच फिरवलं. मग म्हणाला, "वर्ष होईल. कुणाला सांगू नकोस रे. सिस्टरला कळलं तर ती मला आत्ताच्या आत्ता घरी बसवेल. मला हा एवढा एक दिवस हवा आहे. या दिवसानंतर मी कोण? बाकावर बसलेला एक म्हातारा."

टेलरने अंड्याचं कवच सोलून त्याच्या हातात अंडं दिलं. "बरं बाबा," तो म्हणाला. "सुईत दोरा ओवायला मी तरी आता पोरीलाच हाक मारतो की. खा."

त्या दुपारी टेलरने काय केलं ते मी जवळून पाहिलं. मोजणीदार जिथे म्हणेल तिथे तो आधी स्वतः पक्षी शोधायचा आणि कानात कुजबुजायचा, "जरा डावीकडे, शेकाट्या आहे." मग मोजणीदार मोठ्याने म्हणायचा, "डावीकडे शेकाट्या!" आणि टेलर म्हणायचा, "दिसला." कधी मोजणीदार घाई करून भलतंच नाव घ्यायचा. तरी टेलर म्हणायचा, "दिसला." पुढे पुढे तर तो दुर्बीणही उचलेना. दिसला, दिसला, दिसला. प्रेमानेच म्हणत होता तो. माझ्या मालकाचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता, म्हणून मलाही त्याच्यावर रागावता येईना.

ऊन कलल्यावर आम्ही नदीच्या मुखाशी पोचलो. तिथे समुद्रात वाळूचा एक लांब दांडा आहे. किनारा आणि दांडा यांच्यामध्ये एक खोल चर आहे. ओहोटीला तो कोरडा पडतो आणि चालत जाता येतं. भरती लागली की समुद्राचं पाणी त्या चरातून आत घुसतं. जाताना घोट्याएवढं लागलेलं पाणी परत येईपर्यंत डोक्यावरून जातं. म्हणून चराच्या आतल्या टोकाला एक खांब रोवला आहे आणि त्यावर एक काळी रेघ आहे. रेघ उघडी असेल तर जायचं. बुडाली असेल तर वाळूवर सोनं जरी पडलेलं दिसलं तरी जायचं नाही. ही रेघ माझ्या मालकानेच नोकरीत असताना आखून दिली होती. भरत्या-ओहोट्या मोजून त्यानेच तिची उंची ठरवली होती. खांब वाटेपासून लांब असल्यामुळे रेघ पाहायची ती माझ्यातूनच, आणि पाहायची त्यानेच, असा आमचा रिवाज होता. आणि तिथेही पक्ष्यांचाच नियम. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

धक्क्यावर बंदरवाले भेटले. त्यांचा हिशोब आणि आमचा हिशोब बरोबरीत सुटला होता. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता. तेवढ्यात टेलर ओरडला, "दांड्याच्या टोकाला बघा! काळा-पांढरा, लाल चोच. कालवफोड्या असणार!" तो पक्षी आमच्याकडे फार क्वचित येतो. पण उजेड डोळ्यांवर येत होता आणि खात्री करायला जवळ जाणं भाग होतं. मोजणीदार म्हणाला, "मी येतो. माझा शब्द पहिला." टेलरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि नको म्हणाला नाही.

"आधी रेघ बघा," सिस्टर धक्क्यावरून म्हणाल्या.

मोजणीदाराने मला खांबाकडे धरलं. मित्रांनो, मी खांब दाखवत होते, अगदी स्वच्छ. रेघ नव्हती. जिथे रेघ असायला हवी होती तिथे पाणी होतं आणि त्यावर फेस होता. पण ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच त्याला दिसत नसे. खांब त्याला पाठ होता, आणि जे पाठ होतं तेच त्याने सांगितलं. "रेघ उघडी आहे," तो म्हणाला.

"टेलर?" सिस्टरनी विचारलं.

टेलरची दुर्बीण पक्ष्यावर होती. पक्षी उडून जाईल या भीतीने त्याने ती हलवली नाही. "दिसली, दिसली," तो म्हणाला. दिवसभर तो शब्द त्याच्या तोंडात इतका बसला होता की आता तो आपोआप बाहेर पडला.

दोघं चरात उतरले. पाणी घोट्याएवढं होतं. दांड्यावर पोचले, वाकून वाकून पुढे गेले. तो कालवफोड्याच होता. टेलरने मोजणीदाराच्या खांद्याला धरून त्याला नीट वळवलं आणि म्हणाला, "समोरच आहे. चोच बघ किती लाल आहे." मोजणीदार म्हणाला, "हो." त्याला काही दिसलं नव्हतं. पण पक्षी ओरडला आणि तो आवाज त्याने ऐकला. माझ्या काचेवर त्याच्या डोळ्यातलं पाणी पडलं.

ते मागे वळले तेव्हा चर राहिलाच नव्हता. तिथे वाहतं पाणी होतं. धक्क्यावरून भोंग्याच्या गाडीचा आवाज येत होता, सारखा, न थांबता. टेलर म्हणाला, "देवा रे." मग म्हणाला, "माझा हात सोडू नकोस."

पाणी आधी कमरेला लागलं, मग छातीला, आणि मग त्याने दोघांनाही उचललं. लोंढ्याने आम्हाला आतल्या बाजूला वाहून नेलं आणि खांबावर आपटलं. टेलरने खांब पकडला. त्याने माझा पट्टा मोजणीदाराच्या गळ्यातून काढला, त्याचे दोन्ही हात खांबाभोवती घातले, मनगटांवर पट्टा गुंडाळला आणि बकल ओढून घट्ट केलं. शिंप्याचे हात ते, पाण्यातही चुकले नाहीत. मी खांबावर आपटत होते आणि माझ्या उजव्या नळीत खारं पाणी शिरत होतं. दुसरा पट्टा नव्हता. टेलर शेवाळलेल्या खांबाला नुसत्या हातांनी धरून राहिला.

मोजणीदाराला तो दिसत नव्हता. तो विचारत होता, "आहेस ना?"

"आहे."

"आहेस ना रे?"

"आहे. हलू नकोस."

"आहेस ना?"

त्याला उत्तर आलं नाही. मोजणीदार विचारतच राहिला. बंदरवाल्यांनी होडी आणली, त्याचे हात सोडवले, त्याला आत ओढलं, तरी तो तेच विचारत होता. टेलर दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधाशी सापडला.

त्या वर्षीचा पेला कुणालाच दिला नाही. बंदरवाल्यांनीच नको म्हटलं.

मोजणीदार टेलरच्या मुलीकडे गेला आणि दारात उभं राहूनच तिला सगळं सांगितलं. "मला दिसत नव्हतं. तुझ्या बाबांना ठाऊक होतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं." तिने ऐकून घेतलं आणि दुकानाचं दार लावलं. सिस्टर त्याला एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी तुझी काठी होऊन तुला धरून नेलं असतं रे, गाढवा." आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

मला कुणी पुसलं नाही. कपाटात, जुन्या नकाशांखाली, मी पडून राहिले. उजव्या नळीत मीठ सुकलं, त्याची साय धरली. बिजागरी गंजली. मला राग यायचा, मग वाईट वाटायचं, मग काहीच वाटेनासं झालं. माझ्याकडे पाहणं त्याला जमत नव्हतं, आणि त्याला मी दोष देत नाही.

एके दिवशी कपाट उघडलं. समोर टेलरची मुलगी होती. "काका, बाबांची शिलाई आहे ना या पट्ट्यावर," ती म्हणाली, "मला हवी आहे." तिने मला दुकानात नेलं आणि कात्रीशेजारच्या खिळ्यावर टांगलं. पट्टा तिने स्वतःच्या हाताने धुतला. टाके एकेक करून तपासले. एकही उसवला नव्हता.

मोजणीदार नंतर दुकानात येऊ लागला. आधी विजार आखूड करायचं निमित्त करून, मग निमित्ताशिवाय. ती त्याला बसायला स्टूल द्यायची, फारसं बोलायची नाही. पुन्हा थंडी आली, तेव्हा एका संध्याकाळी तिने मशीनवर कापड टाकलं, मला गळ्यात घातलं आणि त्याचा हात धरून त्याला धक्क्यावर नेलं. स्पर्धा नव्हती. सहजच.

दांड्यावर पक्षी ओरडत होते. मोजणीदाराने मान वर केली. "कालवफोड्या," तो म्हणाला. "जवळ जाऊन बघायला हवं. रेघ बघ बरं."

तिने मला डोळ्यांना लावलं. उजवा डोळा मिटला, कारण ती नळी आता आंधळी आहे. डावीतून पाहिलं. चाक हळूहळू फिरवलं आणि नेमकं तिथेच थांबवलं. तिने बराच वेळ घेतला.

"नाही दिसत, काका," ती म्हणाली.

"नीट बघ. तिथे असेल."

"नीट बघूनच सांगते. नाही दिसत."

मोजणीदाराने तिचा हात चाचपडत शोधला आणि धरला. "मग इथेच बसू," तो म्हणाला. दोघं अंधार पडेपर्यंत तिथे बसले. पक्षी कोणता होता, ते कुणीच पाहिलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा. काच कोरड्या कापडाने पुसा, वापरून झाल्यावर पेटीत ठेवा, आणि बिघडलं काय आहे ते कळण्याआधी आमच्या नावाने बोटं मोडू नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या जीवाभावाच्या माणसाला दिसेनासं झालं, तर त्याच्या समाधानासाठी "दिसलं" म्हणू नका. त्याला राग येईल, तो रुसेल, घरी जाईल. जाऊ द्या. रुसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला येतो. माझ्या टेलरला हे सांगायला मला तोंड नव्हतं.